बाव काय पळान जातली?

आमच्या व्हाळवाडीत बर्नादेत बसलेली पाहायची तर एकच जागा होती, इगर्ज. तिथेसुद्धा फादरचं प्रवचन जरा लांबलं की बाकाखाली तिच्या चपलांची चाळवाचाळव सुरू व्हायची. बाकी डोळा उघडल्यापासून बाई पायावर. पंप चालू कर, तांबड्या भाजीच्या वाफ्यांत पाणी फिरव, मुळे उपट, जुड्या बांध, टोपली भरून कुडाळचा बाजार गाठ, आणि परत आली की दुपारच्या उन्हातच मिरचीच्या रोपांशी काहीतरी खुडखुड करत बस. बस म्हणजे उकिडवी. तिचा नवरा साल्वादोर नेमका उलट. गोव्यातल्या एका हॉटेलात उभं आयुष्य शेगडीपुढे काढून घरी परतलेला हा माणूस पडवीतल्या खुर्चीत लसूण सोलत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिच्या पायाक भोवरो आसा. इतकी वर्सा लगीन होवन झाली, पण ही माका अजून धड गावली नाय."

वाडीच्या मधून रेल्वे जाते. रुळांच्या वरच्या अंगाला बाजाराचा रस्ता, शाळा आणि इगर्ज. खालच्या अंगाला मळे, पोफळीची बागायत आणि आम्ही काही घरं. मध्ये फाटक. गाड्या कमी होत्या तेव्हा फाटकाचं कुणाला काही वाटत नसे. पुढे गाड्या वाढल्या, मालगाड्या वाढल्या, आणि फाटक उघडं असण्यापेक्षा बंदच जास्त दिसू लागलं. लोक आपापल्या रिक्षा-मोटारी बंद करून गजाली मारत उभे राहायचे. बर्नादेतला गजाली जमत नसत. ती टोपलीवरच्या ओल्या फडक्यावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडायची आणि रुळांकडे अशी बघायची, की गाडीने लाजून लवकर यावं.

मग तिच्या मुलीचं, डेलिशाचं लग्न आलं.

फुलांनी सजवलेली गाडी घरून वेळेत निघाली आणि फाटकाशी येऊन थांबली. एक मालगाडी रांगत रांगत गेली. फाटक उघडलं नाही. वर इगर्जीत नवरामुलगा वाट पाहत होता, फादरना पुढे दुसऱ्या गावी मीसची प्रार्थना होती, आणि आत बसलेल्या डेलिशाच्या केसांतली फुलं माना टाकू लागली होती. बर्नादेत उतरून फाटकवाल्या धोंडूकडे गेली.

"धोंडू, आज माझ्या चेडवाचा लगीन आसा."

"काकी, माका दिसता ना. पण दुसरी गाडी सुटली हा. ती माका इचारून येणा नाय."

बर्नादेतने रुळांच्या दोन्ही टोकांना पाहिलं. दोन्हीकडे मोकळं होतं. ती परत आली आणि तिने गाडीचं दार उघडलं.

"उतर."

"मम्मी, वेडी झालंस?"

"उतर म्हणतंय ना!"

तिने मुलीचा पांढरा झगा दोन्ही हातांनी गुंडाळून वर धरला आणि तिला वाकवून फाटकाच्या दांड्याखालून काढलं. डेलिशाच्या डोक्यावरची जाळी दांड्याला अडकली, ती ओढताना झग्याला काळं ग्रीस लागलं. धोंडू लाल झेंडा घेऊन ओरडत धावला. मायलेकी पलीकडे पोचल्या, वळून उभ्या राहिल्या, आणि वळणावरून एक्सप्रेस आली ती त्यांच्या अंगावरचे कपडे फडफडवत निघून गेली.

लग्न झालं. फोटोत सगळे हसताहेत, एकटी बर्नादेत खिडकीबाहेर बघते आहे. त्या दिवशी तिला राग आला होता. भीती आली ती नंतर. काही दिवसांनी मळ्यात पाणी लावताना ती पाणी तसंच वाहतं सोडून बांधावरच खाली बसली. शेजारच्या बागेतून सुगंधा धावत आली. सुगंधाचा नवरा वारलेला, मुलगा मुंबईला. पोफळीची बाग ती एकटीच राखायची, आणि दोघींचं येणं-जाणं रोजचं.

"काय झाला गो, बर्नादेत?"

"वयनी, मी माझ्या चेडवाक गाडीच्या तोंडात घेवन गेलंय."

"गेली ना ती पलीकडे? मगे?"

"नसती गेली तर?"

सुगंधाने तिला हाताला धरून उठवलं. पण बर्नादेतला समजूत नको होती. तिला ते फाटकच हटायला हवं होतं. तिथून पुढची काही वर्षं तिने तोच ध्यास घेतला. सकाळी भाजी विकायची आणि मोकळी टोपली बाजारात ओळखीच्या दुकानात ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणची, ओरोसची एसटी धरायची. कचेरीत ती शुद्ध बोलायची, "साहेब, आमच्या वाडीला खालून रस्ता द्या." आधी पंचायतीत, मग ओरोसला, मग रेल्वेच्या साहेबांपुढे. लोक आधी हसले, मग सोबत गेले, मग कंटाळून परतले. ती जातच राहिली. साल्वादोर म्हणायचा, "रेल्वेक ब्रेक आसत, हिका नाय."

आणि एक दिवस मंजुरी आली. फाटक बंद करून रुळांखालून भुयारी रस्ता होणार. वाडीने त्याचं नाव लगेच ठेवलं, बोगदो.

शाळेत सभा झाली. नम्रता नावाची तरुण इंजिनीअर नकाशा घेऊन आली होती. रूळ जमिनीच्याच पातळीला असल्यामुळे रस्ता दोन्ही बाजूंनी उताराने खोल न्यावा लागेल, असं ती समजावून सांगत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून सुगंधा उठली. सुगंधा सभेत बोलायची बाई नव्हे. पदर सावरत, अडखळत ती म्हणाली, "इतक्या खोल खणतल्यात, तर आमच्या बावींचा काय?"

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. बर्नादेतची बाव आणि सुगंधाची बाव रुळांपासून हाकेच्या अंतरावर, एकाच झऱ्यावरच्या दोघी बहिणी.

नम्रता म्हणाली, "काकींचा प्रश्न बरोबर आहे. पाण्याची पातळी आम्हाला..."

पण बर्नादेतला धीर कुठला! आता या शंकेवरून काम पुन्हा अडतं की काय, या धास्तीने ती ताडकन उभी राहिली. "वयनी, बाव काय पळान जातली? बाव थंयच रवतली!"

सगळी सभा हसली. सुगंधाही कसनुसं हसून खाली बसली. पुढचा प्रश्न रस्त्यावरच्या दिव्यांचा निघाला आणि बावींचा विषय तिथेच राहिला.

काम सुरू झालं तसं वाडीला नवा तमाशा मिळाला. रुळांच्या बाजूला खोल खड्डा, त्यात काँक्रीटची भलीमोठी पेटी ओतलेली, आणि मग ती पेटी मागून जॅक लावून बोटाबोटाने रुळांखाली ढकलायची. वरून गाड्या हळूहळू जात राहायच्या. ते बघायला साल्वादोर चक्क खुर्ची सोडून आला. अर्थात स्टूल घेऊन. "बघ बर्नादेत, ह्येका म्हणतत काम. धावाधाव नाय, बोंबाबोंब नाय. बसल्या जाग्यार डोंगर ढकलतत." बर्नादेत छत्री घेऊन खड्ड्याच्या या कडेवरून त्या कडेवर येरझाऱ्या घालायची. कामगारांनी तिला हेल्मेट देऊन ठेवलं होतं, कारण ती ऐकत नव्हती.

बोगदा सुरू झाला त्या दिवशी ती भाजीची टोपली घेऊन रिक्षाने खालून गेली. वर गाडी धडधडत होती आणि खाली रिक्षा न थांबता चालली होती. संध्याकाळी तिने काही काम नसताना चालत दोन-तीन खेपा घातल्या. फाटकाचा दांडा काढून नेला, धोंडूची बदली झाली. पावसात बोगद्यात पाणी तुंबलं, पण पंप बसवलेला होता, त्याने ते उपसलं. वाडी खूश होती.

पाऊस सरला, थंडी सरली, आणि शिमगा यायच्या आधीच एका सकाळी बर्नादेतचा पंप घशात काही अडकल्यासारखा गुरगुरायला लागला. ती बावीपाशी धावली. आत डोकावली तर तळ. चिखलात एक फुटकी कळशी, कधीकाळी पडलेला एक डाव आणि गोंधळलेला एक बेडूक. इतक्या वर्षांत भर वैशाखातही तिने तळ पाहिला नव्हता. ती तशीच बांध ओलांडून सुगंधाकडे गेली. सुगंधा आपल्या बावीच्या काठावर हात टेकून उभी होती. तिने वर पाहिलं नाही.

बर्नादेत तिथून निघाली ती थेट बोगद्यात. उताराच्या दोन्ही भिंतींत पाणी निघायला भोकं ठेवलेली होती. एरवी तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता पाहिलं. प्रत्येक भोकातून पाणी झिरपत होतं, कुठे थेंब, कुठे चांगली करंगळीएवढी धार. ते गटारातून खालच्या टाकीत जात होतं आणि टाकीतून पंप ते व्हाळात, खालच्या ओढ्यात, फेकत होता. तिने एका धारेखाली ओंजळ धरली आणि चाखलं. सिमेंटच्या वासाखाली ती जराशी लोखंडी चव तिला ओळखू आली. ते तिच्या बावीचंच पाणी होतं.

भाजी दोन-चार दिवसांत करपली. तिचं तिला सोसवलं असतं. पण सुगंधाच्या पोफळींचे शेंडे पिवळे पडू लागले, आणि ती बाई नळावरून कळशा आणून एकेका झाडाच्या बुडात ओतू लागली. वाडी एकदम फिरली. चहाच्या टपरीवरून कुणीतरी हाक घातली, "काय बर्नादेत, बाव खंय पळाली?" लोक हसले. सभेत हसले होते तेच लोक.   सुगंधा मात्र समोरून येताना कळशी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घ्यायची आणि वाट बदलायची.

बर्नादेतचं जेवण सुटलं. साल्वादोरने केलेली माशांची कढी ती उभ्या उभ्या दोन घास खायची आणि दारात जायची. बोगद्यातला पंप चालू झाला की त्याची घरघर घरापर्यंत ऐकू यायची, आणि ती कान झाकून घ्यायची.

"माझा पाणी फेकतत," ती म्हणायची. "दोळ्यासमोर फेकतत."

एका दुपारी तिने जुनी पोती फाडली, चिंध्या गोळा केल्या, तांबडी माती भिजवली आणि पहार घेऊन निघाली.

"खंय चललंस?" साल्वादोरने विचारलं.

"पळालेली बाव परत हाडूक."

साल्वादोरने लसणाचं ताट खाली ठेवलं. तो तिला अडवेल असं कुणालाही वाटलं असतं. त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि तिच्या मागोमाग गेला. भर उन्हात रस्ता सुनसान होता. त्याने शिडी धरली आणि तिने एकेक भोक चिंध्या नि माती ठोकून बुजवलं, वरपासून खालपर्यंत, दोन्ही भिंती. घरी परतताना दोघंही लालेलाल झाली होती.

दुसऱ्या सकाळी ती बावीवर गेली. तळाशी पाणी चमकत होतं. थोडंच, पण पाणी. ती बांधावरूनच ओरडली, "वयनी, पाणी इला! बघा, पाणी इला!" सुगंधाने आपल्या बावीत डोकावून पाहिलं, मग बर्नादेतकडे पाहिलं.  त्या दिवशी तिने वाट बदलली नाही.

आणखी एक दिवस गेला. मग बोगद्याच्या भिंतीवर ओल चढू लागली. दोन भिंती जिथे जोडल्या होत्या तिथून गढूळ पाणी फुटलं, वरच्या काठाची माती हातभर खचली. कुणीतरी कळवलं आणि नम्रता आली. तिने बुजवलेली भोकं पाहिली आणि तिला कुणाला विचारावं लागलं नाही. ती बर्नादेतच्या दारात आली.

"काकी, हे तुम्ही केलंत?"

"व्हय. मीच."

"चला माझ्याबरोबर."

बर्नादेतला वाटलं, आता पोलीस. पण नम्रताने तिला बोगद्यात नेलं, तिचा पंजा धरून भिंतीवर टेकवला आणि म्हणाली, "थांबा जरा." भिंत गार होती, ओली होती. वरून गाडी आली. भिंत हातात थरथरली, आणि ती थरथर गाडी गेल्यावरही क्षणभर राहिली.

"मागे पाणी तुंबलं की ते भिंतीला पुढे ढकलतं. त्याला वाट हवी असते, म्हणून ती भोकं. ती बुजवली तर आज नाही, उद्या नाही, पण एखाद्या दिवशी भिंत रस्त्यावर येईल. मी तुमच्यावर रागावले नाहीये, काकी. पाण्याचं काय होईल हे आम्ही आधी नीट पाहायला हवं होतं. सभेत विषय निघाला होता, मीच नंतर धरून ठेवला नाही."

तेवढ्यात शाळेची रिक्षा उतारावरून आली. आत पोरं कोंबलेली, बाहेर दप्तरं लटकलेली. एकाने बर्नादेतला ओळखून हात हलवला. रिक्षा भिंतीला लागून, ओल्या डागापासून वीतभर अंतराने गेली आणि पलीकडे चढून दिसेनाशी झाली.

बर्नादेत घरी गेली. साल्वादोरला वाटलं, ती खोलीत जाऊन दार लावून घेईल. ती पहार घेऊन बोगद्यात परत आली. नम्रता म्हणाली, "राहू द्या, मी माणसं बोलावते." ती ऐकेना. पहिल्या भोकात तिने पहार घातली, पोत्याची चिंधी ओढली, आणि आतून पाण्याची चिळकांडी सुटली ती तिच्या तोंडावर. ती पुसायलाही थांबली नाही. दुसरं, तिसरं. कमरेपर्यंत भिजली, केस सुटले, ओठांवर तीच लोखंडी चव. आम्ही वर काठावर उभं राहून बघत होतो. सुगंधाही होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही बावी पुन्हा कोरड्या पडल्या.

मग बर्नादेत नम्रताला म्हणाली, "तुमची भोकं तुम्हाला मोकळी करून दिली. आता माझं पाणी मला द्या."

"विहिरीत परत नाही घालता येणार, काकी. जिरून पुन्हा इथेच येईल. पण पंपाचं पाणी व्हाळात सोडण्याऐवजी पाइपने वर आणता येईल. पिण्याला नाही, शेतीला चालेल. मी तसा प्रस्ताव पाठवते. परवानगीला वेळ लागेल."

वेळ लागणार म्हटल्यावर बर्नादेतने पुन्हा ओरोसची एसटी धरली. या खेपेला विकायला भाजी नव्हती, म्हणून हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. नम्रतानेही आपल्या बाजूने रेटा लावला. पाइप आला. मळ्यांच्या वरच्या टोकाला एक लहान टाकी बांधली गेली. पण उन्हाळ्यातलं ते पाणी, झिरप ती केवढी असणार! एकीचं पुरतं भिजेल, दुसरीचं जेमतेम ओलं होईल. पहिलं पाणी कुठे सोडायचं, असं पाइप जोडणाऱ्या माणसाने विचारलं.

"सुगंधावयनीक," बर्नादेत म्हणाली.

घरी साल्वादोरने तिच्याकडे नवल करून पाहिलं. ती चिडली. "बघतंस काय? तिच्यो पोफळी मेल्यो तर परत उभ्यो करूक जल्म जातलो. माझी भाजी काय, आज टाकली तर म्हयन्याभरात उगावता."

पोफळी सगळ्या वाचल्या नाहीत. व्हाळाकडच्या रांगेतल्या काही सुकल्या, त्या सुगंधाने कापून टाकल्या. बाकीच्यांनी नवा कोंब धरला. पावसाळ्यात बावी भरल्या, काठोकाठ, जणू काही झालंच नव्हतं. पण आता आम्हाला ठाऊक आहे की शिमग्याच्या सुमाराला त्या रिकाम्या होणार. बर्नादेतने अर्ध्या मळ्यात काजूची कलमं लावली. तिला ती आवडत नाहीत. "काजीक काय, लावली की झाला. हात लावूक काय उरणाच नाय," असं म्हणत ती त्या रोपांभोवती विनाकारण फिरत असते.

गेल्या दिवाळीनंतर, वाफे करायच्या दिवसांत, ती उरलेल्या अर्ध्या मळ्यात कुदळ मारत होती. बांधावरून हाक आली.

"बर्नादेत, तुज्याकडे तांबड्या भाजीचा बी आसा?"

सुगंधा उभी होती. बावी आटल्यापासून तिने या बांधावर पाय टाकला नव्हता.

"आसा की. किती होया?"

"पोफळी कापल्यो थंय मोकळी जागा झाली हा. म्हटलं, वाफो करून बघूया."

बर्नादेतने पदराच्या टोकाला हात पुसले आणि बी आणायला धावली. परत आली तेव्हा सुगंधा तिच्या बावीत वाकून बघत होती. पाणी अजून बरंच वर होतं.

"मी काय म्हणतंय," सुगंधा हळूच म्हणाली, "दोघींनी मिळान बाव खोल केली तर? बोगद्यापेक्षा खोल."

"आणि काळो फत्तर लागलो तर?"

"लागलो तर लागलो. पण बघल्याशिवाय कसा कळतला?"

बर्नादेतने कुदळ तिथेच टाकली. पिंगुळीला विहिरी खोदणारा एक माणूस आहे, तो दगडाची जात वरून ओळखतो म्हणतात. ती त्याच दिवशी त्याच्याकडे जाऊन आली. तो म्हणाला, येतो. तो अजून आलेला नाही. काल ती पुन्हा गेली होती, आणि या खेपेला सुगंधाही बरोबर होती.